बारा ताटं

एका विद्यार्थिनीबद्दल मी एकदा चार ओळींचं पत्र लिहिलं. वाचणाऱ्याला खऱ्या वाटतील अशाच त्या ओळी होत्या, आणि त्यांतलं सगळ्यांत वाईट तेच. तिला पुढची आठ वर्षं त्याचा पत्ता नव्हता. उलट दर रविवारी ती मला फोन करायची, राज्यघटनेतले नाहीतर पंचायत राजमधले प्रश्न विचारायची आणि फोन ठेवताना म्हणायची, "सर, तुमच्यामुळे इथवर आले." मी "छे, छे" म्हणायचो. तिला तो विनय वाटायचा.

आता सत्तरी जवळ आली आहे. हे सांगायचं राहिलं तर राहूनच जाईल, म्हणून लिहितो आहे. नावं कुणाचीच घालत नाही. आकडे मात्र खरे देतो, कारण घोटाळा आकड्यांतच झाला होता.

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी तीसेक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. ती आली तेव्हा माझी निवृत्ती तीन वर्षांवर होती. ती जतकडची. घरी मेंढरं, घरात कन्नड, शाळेत मराठी. वसतिगृहात राहायची आणि कमवा-शिका योजनेतून ग्रंथालयात पुस्तकं लावायची. ग्रंथपाल माझ्याकडे तक्रार करायचे, "सर, तुमची पोरगी पुस्तक लावायच्या आधी उघडून बघते. एका कप्प्याला अख्खी दुपार जाते."

पहिल्याच महिन्यात मी सार्वभौमत्व शिकवत होतो. तिने हात वर केला.

"सर, पाण्याचा टँकर कुणाच्या सहीनं सुटतो?"

वर्ग हसला. पंचवीस-तीस वर्षं मी राज्यसंस्थेवर बोलत आलो होतो आणि टँकर कुणाच्या सहीने सुटतो हे मला ठाऊक नव्हतं. "तूच शोधून काढ," म्हणालो. ती दिवाळीच्या सुट्टीत गावी गेली, तहसील कचेरीत दोन दिवस बाकावर बसली आणि परत येऊन तिने वर्गाला सगळं सांगितलं. आधी ग्रामपंचायतीचा ठराव, मग तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांची पाहणी, मग प्रांतांची सही. फळ्यावर तिने बाण काढून दाखवलं. मी मागच्या बाकावर बसून ते वहीत उतरवून घेतलं.

"मला ती सही करायचीय सर," ती नंतर म्हणाली. "पण सुरुवात ठरावापासून आहे. ठराव कसा होतो ते आधी बघायला पाहिजे."

तिची ती तीन वर्षं मला अजून लख्ख आठवतात. वर्गप्रतिनिधी ती, अभिरूप संसदेत विरोधी पक्षनेती ती, वक्तृत्वाच्या चषकांनी आमच्या विभागाचं कपाट भरवणारी ती. आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला व्हॉलीबॉल खेळणारी मुलं वळून बघायची. तिला भांडायचं नसायचं. तिला खरोखरच कळून घ्यायचं असायचं. हा फरक मला तेव्हा ओळखता आला असता, तर हे लिहायची वेळ आली नसती.

ती शेवटच्या वर्षाला असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराची जबाबदारी माझ्याकडे होती. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक गाव दत्तक घेतलेलं. सात दिवस प्राथमिक शाळेत मुक्काम, सकाळी बंधाऱ्याचं काम, दुपारी गावाची पाहणी, संध्याकाळी चर्चा. शिबिराला पन्नास मुलं लागतात. पन्नास भरली नाहीत तर शिबीर धरत नाहीत, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. ते नियमात नेमकं कसं लिहिलंय, हे मीही कधी उघडून पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी अडतीस जमली. काही मुलींना घरचे सोडेनात. काही मुलं पोलिसभरतीच्या सरावात होती. मग इतर प्राध्यापक करायचे तेच मी केलं. निघायच्या आदल्या दिवशी न येणाऱ्या बाराजणांना विभागात बोलावलं आणि सातही दिवसांच्या चौकटींत सह्या करून घेतल्या. एकसारख्या दिसू नयेत म्हणून एका दिवसाला निळं पेन दिलं, दुसऱ्याला काळं. ती युक्ती माझीच होती. तिचा मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला होता.

शिबिराची सचिव ती होती. पहिल्या संध्याकाळी हजेरीपट हातात घेऊन ती माझ्याकडे आली.

"सर, पटावर पन्नास आहेत. पंगतीत अडतीसच आहेत."

"बाकीचे येतील मागून," मी म्हणालो.

ती गेली. थोड्या वेळाने गावातली स्वयंपाकाची बाई हातातलं पीठ झाडत आली.

"आवं सर, ही बाय बारा जनांच्या भाकरी जादा थापायला लावती. कोन येनार हाय ह्या डोंगरात?"

जेवायला बसताना पाहिलं, तर खिडकीखालच्या बाकावर बारा ताटं एकावर एक रचून ठेवली होती आणि शेजारी फडक्यात भाकरी बांधलेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. "सर, आज येतील का ते?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिसऱ्या दिवशीही तिने विचारलं. चौथ्या दिवसापासून विचारलं नाही, पण ताटं मात्र रोज बाकावर दिसायची. सकाळी त्या उरलेल्या भाकरींचा काला मुलं आवडीने खायची. मी नुसत्या चहावर भागवायचो. ही पोरगी मला टोमणा मारते आहे, तोंडाने न बोलता रोज संध्याकाळी मला चोर म्हणते आहे, अशी माझी खात्री झाली. त्या बाकाकडे पाठ करून मी जेवू लागलो.

दुपारच्या पाहणीत तिने बौद्धवस्तीचं काम मागून घेतलं होतं. वस्ती गावापासून थोडी खाली, आणि पाणी आणायचं ते वरच्या टाकीवरून. वस्तीपर्यंत नळ न्यायचा ठराव ग्रामसभेने केला होता, तोही एकदा नव्हे, तीनदा. ठरावाची वही बघायला मिळाल्यावर तिला फार आनंद झाला. ठराव कसा होतो ते तिला कधीपासून बघायचं होतं. संध्याकाळी ती वहीतली नावं आणि पाहणीतली नावं शेजारी शेजारी लिहीत बसली.

समारोपाला सरपंच, गावातली चार मोठी माणसं, आमचे प्राचार्य आणि शेजारच्या महाविद्यालयातले पाहुणे होते. भाषणं झाली. शेवटी मी रिवाज म्हणून विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. ती उठली.

"सरपंचकाका, ठरावाच्या वहीत ज्यांच्या सह्या आहेत त्यांतली बरीच माणसं मुंबईला असतात. गणपतीला आणि शिमग्यालाच येतात असं त्यांच्या घरच्या बायका सांगतात. पण ग्रामसभा तर मेमध्ये, ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत झाली. मग सह्या कशा झाल्या? वही मुंबईला पाठवतात का?"

आधी पोरं हसली, मग मागे बसलेल्या बायका. सरपंच हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सर," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगी लय शानी हाय तुमची."

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. मला मात्र त्या घडीला सरपंचही दिसत नव्हते आणि वहीही. बाकावरची बारा ताटं तेवढी दिसत होती. हिने नाव सरपंचाचं घेतलं आणि प्रश्न मला विचारला, असंच माझ्या मनाने घेतलं. मी उठून तिला सगळ्यांसमोर खाली बसायला सांगितलं. यजमान गावाचा मान राखायला शिक, असंही काहीतरी म्हणालो. ती बसली. चेहऱ्यावर राग नव्हता. गणित चुकलं पण कुठे चुकलं ते कळेना, तसा तो चेहरा होता. पुढच्या वर्षी महाविद्यालयाने दुसरं गाव दत्तक घेतलं.

दोन महिन्यांनी ती एक अर्ज घेऊन आली. निवडक पदवीधरांना वर्षभर जिल्हा प्रशासनाबरोबर काम करायची संधी मिळणार होती. टँकरच्या त्या सहीच्या अगदी शेजारी जाऊन बसायची संधी. अर्जाला एखाद्या प्राध्यापकाचं बंद पाकिटातलं गोपनीय पत्र जोडायचं होतं. तिने दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. तिच्या दृष्टीने सर म्हणजे मीच.

मी लिहिलं: "विद्यार्थिनी अत्यंत हुशार व अभ्यासू आहे. अभ्यासेतर उपक्रमांत सतत आघाडीवर असते. तथापि वरिष्ठांसमोर बोलताना तिचा संयम सुटतो. जबाबदारीच्या कामासाठी निवड करताना ही बाब विचारात घ्यावी."

पाकीट चिकटवून मी ते तिच्याच हातात दिलं. ती माझ्या पाया पडली.

मुलाखत देऊन आली तेव्हा ती विभागात बराच वेळ घुटमळली.

"सर, मला त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. बाकी सगळ्यांना योजनांवर विचारलं. मला म्हणाले, तुम्हाला राग लवकर येतो का? असं का विचारलं असेल?"

"त्यांची एक पद्धत असते," मी म्हणालो. "बघतात माणूस गडबडतो का."

तिची निवड झाली नाही. मी निवृत्त झालो. ती गावी परतली, तयारी करत राहिली आणि तीन वर्षांनी पलूस तालुक्यात ग्रामसेवक झाली. आता त्या पदाचं नाव बदललंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात. राज्यसेवेचा नाद तिने सोडलेला नाही. वयाची मर्यादा अजून लांब आहे. त्यासाठीच ते रविवारचे फोन. खरं सांगायचं तर माझ्या आठवड्यात वाट बघण्यासारखं तेवढंच उरलं होतं. तिला पत्राचं सांगितलं तर तिचे प्रश्न बंद होतील, या भीतीने मी आठ वर्षं गप्प राहिलो.

यंदा तिने बोलावलं. "सर, सव्वीस जानेवारीला या. माझी ग्रामसभा बघा एकदा." निघताना मी पत्राची जुनी प्रत कपाटातून काढून खिशात घातली. ती दाखवायचीच असं ठरवलं नव्हतं. पण घरीही ठेवून जाववेना.

साताऱ्याहून कराड, तिथून पलूसची गाडी. कुंडलच्या अलीकडच्या फाट्यावर उतरलो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. झेंडावंदन झालेलं, ग्रामपंचायतीपुढे मांडव, आणि मांडवात रिकाम्या सतरंज्या. ती हातात वही आणि पेन्सिल घेऊन उभी होती. माणूस येऊन सही करून बसला की ती पेन्सिल रोखून मोजायची. शंभर माणसं असल्याशिवाय सभा सुरू करता येत नव्हती. तासाभराने चौसष्ट झाली.

"आवं भाऊसाहेब," एकजण उठून म्हणाला. ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणायची त्या गावाची सवय बाई आली म्हणून काही सुटली नव्हती. "लिवा की शंभर. माझी उसाची तोड आलीया, ट्रॅक्टर उभा हाय रानात."

"तुम्ही आलात म्हणून तुम्हाला एक धरलंय, दादा. दोन कसे धरू?"

"मग बायकूला धरा माझ्या."

"त्यांना घेऊन या, धरते."

पुढे खुर्चीवर फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार बसले होते. ते मागे न वळताच म्हणाले, "गड्या, बायको आली तर तू गप बसशील. सभा बी लवकर उरकंल."

"तुमचं काय जातंय सुभेदार, तुमाला पेन्शन हाय."

"फौजेत रोलकॉल म्हंजे रोलकॉल रं. हाजिर तो हाजिर. जो न्हाई त्याचं नाव घेतलं तर घेनाऱ्याला पिट्टू लावून पळवत्यात."

सगळे हसले, मीही हसलो. मग पाठीवर ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या मारणारा मी मलाच दिसलो.

माझं लक्ष तिच्या आवाजाकडे होतं. तो खाली आला होता. शब्द मोजून, हळू, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं हसून. मैदान ओलांडणारा तो आवाज कुठे गेला, असं मनात आलं. नोकरीने पोक्तपणा आला, असं मीच मला उत्तर दिलं, आणि आपल्या हातची विद्यार्थिनी म्हणून सुखावलोही.

तेवढ्यात शिपाई हजेरीची वही घेऊन माझ्यापाशी आला. "सर, तुमी बी करा सही. एक वाढंल."

"मी या गावचा मतदार नाही," मी म्हणालो.

तिने ते ऐकलं असावं. ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. पेन्सिल सुभेदारांवर थांबली, माझ्यावरून सरळ पुढे गेली आणि माझ्या मागच्या माणसावर थांबली. चौसष्टच भरले. तिने वहीत लिहिलं, गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब, आणि पुढच्या सभेची तारीख वाचून दाखवली. ट्रॅक्टरवाला "च्यायला, उगाच थांबलो" म्हणत निघून गेला.

आम्ही कार्यालयात चहाला बसलो. ती वही कपाटात ठेवून कुलूप लावत होती. तिची पाठ माझ्याकडे होती, म्हणून मला बोलता आलं.

"तुला एक विचारायचंय. शिबिरात तू सरपंचांना विचारलंस, वही मुंबईला पाठवतात का. तो प्रश्न मला होता ना?"

ती वळली. "तुम्हाला? तुम्हाला कशाला सर?"

"त्या बारा ताटांमुळे."

तिला आठवायला थोडा वेळ लागला. मग ती हसली. "ती होय. तुम्ही म्हणाला होता ना, मागून येतील. डोंगर चढून येणार, भुकेली असतील, म्हणून ठेवायला लावायची. आमच्याकडं मेंढरांमागं गेलेलं माणूस कवाही येतं, त्याचं ताट काढूनच ठेवतात. मग आलीच नाहीत. मला वाटलं आजारी पडली असतील."

"आणि मुंबईचं?"

"ते खरंच विचारलं होतं सर. मला कळत नव्हतं. वाटलं, टपालानं पाठवायची काहीतरी सोय असेल. तुम्ही बसवलंत तेव्हा वाटलं, काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आपण."

तिने माझ्यावर कधी आरोप केलाच नव्हता. जो आरोप झालाच नाही, त्याची शिक्षा मी तिला दिली होती. मी खिशातून प्रत काढून टेबलावर ठेवली आणि त्या बारा सह्या कशा झाल्या, निळं पेन, काळं पेन, सगळं सांगितलं. तिने चार ओळी वाचल्या. मग परत वाचल्या.

"म्हणजे तो प्रश्न इथून आला होता," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला राग लवकर येतो का." तिने तो प्रश्न अगदी तसाच म्हणून दाखवला. "मी किती वर्षं शोधत होते सर. वाटलं, माझा चेहराच रागीट असेल. नाहीतर आवाज. मग आरशापुढं बसून हळू बोलायचा सराव केला. वाक्याच्या शेवटी हसायचं, असं ठरवून ठेवलं. आता सवयच झालीय."

मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. माफी मागितली. तिने कागदाची घडी घातली.

"ही प्रत मी ठेवते. आणि सर, यात तथापि लिहिलंय, त्याचं कारण लिहिलेलं नाही. ते लिहा. त्या बाराजणांची नावंही काढून ठेवा."

तिने मला फाट्यापर्यंत सोडलं. गाडी आली तेव्हा पाया पडली नाही, आणि ते योग्यच होतं.

महाविद्यालयात जाऊन मी तो हजेरीपट मागून घेतला. एका दिवसाला निळं, दुसऱ्याला काळं, तसंच होतं. बाराजणांची नावं उतरवली आणि प्राचार्यांना लेखी कळवलं की त्या शिबिरात अडतीस विद्यार्थी हजर होते, पन्नास नव्हते, आणि बारा सह्या मी खोट्या करून घेतल्या. सध्याचे प्राचार्य तरुण आहेत. ते म्हणाले, "सर, कशाला आता? सगळीकडे असंच असतं." मी पोच मागितली. तिच्याबद्दलच्या पत्रातला मजकूर चुकीचा होता आणि का चुकीचा होता, हेही वेगळं लिहून जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवलं. तिथे आता त्याचा कुणाला उपयोग नाही. निवड करणारे केव्हाच बदलून गेले. दोन्हींच्या प्रती तिला पाठवल्या.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मोबाइल समोर ठेवून वर्तमानपत्र वाचायचो आणि एकच बातमी दोनदा वाचायचो.

चौथ्या रविवारी संदेश आला. नमस्कार नाही, सर नाही. एवढंच होतं: "वस्तीवर नळ आला का?"

मला माहीत नव्हतं. आठ वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. सोमवारी सकाळी मेढ्याची गाडी आहे. बघून येतो आणि तिला कळवतो.